मामांचं वर्तुळ

घराण्यातला पहिला पदवीधर होऊन मी धुळ्याहून जळगावला आलो, आणि विज्ञानाने मला लग्नाच्या व्हिडिओवर गुलाब पाडायला बसवलं. व्हिडिओ शूटिंगच्या दुकानाच्या मालकांनी, म्हणजे भाऊंनी, टीव्हीला जोडायचा छोटा संगणक मुंबईहून आणला होता. आठ रंग, आणि प्रत्येक मराठी अक्षर आधी आलेखवहीत ठिपके भरून आपणच काढायचं. "महिनाभर बघू, ग्रॅज्युएट साहेब. नाही जमलं तर गावी शिकवण्या आहेतच," भाऊंनी प्रेमाने सांगितलं होतं.

महिना संपता संपता शिंदखेड्याचं लग्न आलं. नवरदेवाला दोन मामा. सुरुवातीच्या नामावळीत धाकट्याचं नाव वर दिसलं म्हणून थोरल्यांनी कॅसेट परत पाठवली. नावांची अदलाबदल केली, तर धाकट्यांनी पाठवली.

"तिसऱ्यांदा आली तर कॅसेटबरोबर तुम्हीही निघा," भाऊ म्हणाले.

त्रिकोणमिती कशासाठी शिकवतात, हे मला तेव्हा कळलं. धुळ्याच्या सरांचे मनोमन आभार मानून मी साइन-कोसाइनची कोष्टकं मांडली आणि सगळी नावं एका वर्तुळात फिरती ठेवली. पहिलं कोणी नाही, शेवटचं कोणी नाही. संगणक ती इतकी सावकाश फिरवायचा, की ज्याला त्याला आपला मान पोटभर बघता यावा.

दोन्ही मामा तपासणीला दुकानात आले. थोरल्यांनी टीव्हीच्या काचेवर बोट टेकवून आपल्या नावामागे दोन फेऱ्या मारल्या.

"बठ्ठा फिरी राह्यनात," सगळीच नावं फिरताहेत हे पाहून ते म्हणाले. "पन थांबस तवय वर कोन ऱ्हास?"

"थांबतच नाही, मामा. फिरता फिरताच अंधार होतो."

"धाकलानं बी तसंच?"

"तसंच."

"मंग ठीक शे."

धाकट्या मामांनी लगेच मान डोलावली. त्या क्षणी त्यांचं नाव वर होतं.

भाऊंनी चहा मागवला आणि माझी नोकरी पक्की केली. मामा कॅसेट घेऊन गेल्यावर मी आलेखवही आवरायला घेतली. पानोपानी ठिपक्यांची नावं होती: मामा, काका, फुवा, गावचे पाटीलसुद्धा. नवरा-नवरीचं पान काही सापडेना. तिन्ही वेळा त्यांची नावं मी काढलीच नव्हती.

घाबरत घाबरत भाऊंना सांगितलं.

"तिन्ही वेळा कोणी विचारलं?"

"नाही."

"मग?" म्हणत त्यांनी पारोळ्याच्या लग्नाची यादी माझ्यापुढे सरकवली. त्यात मामा चार होते.