काजूचा नवस

लग्नकार्यात अंबुजा साड्या-दागिने बघायला कधी थांबली नाही. थेट आचाऱ्यांच्या मांडवात शिरायची. कढईत काय, परातीत काय, लाडवात काय, सगळं विचारायची. लोक म्हणत, बाई खादाड आहे. खादाड कसली! घाबरलेली होती ती. चाळीस वर्षं घाबरलेलीच होती.

सत्तावन्न साली आम्ही एग्मोर स्टेशनामागच्या घरात वरच्या मजल्यावर राहत होतो. माझा नवरा विद्याधर रेल्वेत, म्हणून मी पुण्याहून मद्रासला आलेली. खाली अनंतकृष्ण राव, सरकारी कचेरीत कारकून, मूळचे तंजावरचे मराठी. घरात बायको अंबुजा, आई अन्नपूर्णाबाई आणि लहानगी विजयलक्ष्मी, म्हणजे विजी. त्यांची मराठी जुन्या पोथीतून उठून आल्यासारखी, मध्येच तमिळ.

विजी अडीच वर्षांची असताना तिने कुणाच्या तरी बारशात काजूची वडी खाल्ली. ओठ सुजले, अंगभर गांधी उठल्या. घरच्यांनी दृष्ट काढली. पुढे पायसमातला, म्हणजे खिरीतला, एक काजू पोटात गेला, तेव्हा ओठ तर सुजलेच, वर छातीतून शिट्टीसारखा आवाज येऊ लागला. कोपऱ्यावरच्या डॉक्टरांनी सुई टोचली आणि बजावलं, "काजू बंद. कणसुद्धा नको. पुन्हा झालं तर मूल हाताला लागेलच असं नाही."

मद्रासमध्ये काजू बंद! तिथे सणाचं गोड काजूशिवाय होतच नाही. देवळातला प्रसाद घ्या, शेजारणीचा शिरा घ्या, तुपात परतलेला काजू वर बसलेलाच. अंबुजा सगळ्यांना हात जोडून सांगत सुटली. कुणी ऐकेल तर शपथ.

"तंजावरच्या लेकीला मुंदिरी सोसत नाही?" नात्यातली अलमेलू हसून लोळायची. काजूला ते मुंदिरी म्हणतात. "मग काय गे, भुईमूग घालू?"

"अलमेलू, चेष्टा नको. डॉक्टर सांगितले अहे."

"थोडे थोडे दिले की सवय होते. तूच तिला नाजूक करून ठेवलीस."

आणि त्या बाईने खरोखर लाडवात काजूचा चुरा लपवून विजीपुढे धरला. सवय करायला! अंबुजाने पोरीच्या हातावर फटका मारला म्हणून लाडू खाली पडला. सगळ्यांनी नावं ठेवली ती अंबुजालाच.

त्यानंतर अंबुजाने नवस काढला. म्हणजे नवस केला नाहीच, केल्याचं नुसतं सांगितलं. "विजीसाठी देवीला मुंदिरी वाहिली अहे, ती तिने खायची नाही. नवस मोडला तर देवी कोपेल."

एका दिवसात जादू झाली. तीच अलमेलू पंगतीत विजीचं पान तपासून काजू वेचू लागली. मला हे पटेना. मी तिला म्हटलं, "अगं, खोटं कशाला? आजार म्हणजे आजार."

"अक्का, आजाराला कोण भितो इथे? देवीला भितात."

खोटं दोन वर्षं चाललं. घरातसुद्धा खरं फक्त नवऱ्याला ठाऊक. सासूबाईंना सांगितलं नाही, कारण सुरुवातीला त्याही "उष्ण पडले असेल" म्हणून हसल्या होत्या. पण म्हातारीचा जीव नातीत. पंगतीत सगळी पोरं पायसम ओरपताहेत आणि विजी ताकभात कालवतेय, हे तिला बघवेना. इतक्या लहान पोरीवर नवसाचं ओझं कशाला, हा विचार तिच्या मनात घर करून बसला.

एका शुक्रवारी दुपारी खालून किंकाळी आली. मी धावले. विजी उंबऱ्यात बसलेली, डोळे सुजून मिटलेले, गळा खाजवत होती. समोर केळीच्या पानावर गोड पोंगल, त्यात तुपातले काजू. अन्नपूर्णाबाई हात चोळत होत्या.

"देवळात जाऊन देवीला सांगून आले," म्हातारी रडत म्हणाली. "म्हटले, लेकराला सोड, तिचा नवस मी घेते. आता जन्मभर मीच मुंदिरी खाणार नाही. विजी तर विचारली पण, आई रागावेल का? मीच म्हटले, खा पापा, खा बाळा, देवीने तुला सोडले. देवी ऐकली नाही गे!"

"देवीचा नवस नव्हताच, अम्मा!" अंबुजा ओरडली. "विष अहे तिला ते. विष!"

बोलायला वेळ कुठे होता? मी पोरीला उचललं आणि आम्ही इस्पितळाकडे पळालो. वाटेत रिक्षावाल्याने भाडं विचारलं, त्याला मी काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. विजीच्या छातीतली शिट्टी ऐकू येत होती तोवर मला धीर होता. मग ती बंद झाली. अंबुजा तिच्या तोंडाशी कान लावून "आवाज कर, विजी, आवाज कर" म्हणत होती. पोरीचे ओठ निळे पडले होते.

डॉक्टरांनी एक सुई दिली, मग दुसरी. कितीतरी वेळाने विजी खोकली, आणि रडली. अंबुजा मात्र रडली नाही. ती भिंतीला टेकून खाली बसली.

घरी अन्नपूर्णाबाई दारातच उभ्या. नात जिवंत बघून त्यांनी आधी तिला चाचपलं, मग सुनेकडे वळल्या.

"मला खरे का नाही सांगितलीस?"

"सांगितले होते, अम्मा. हसलात."

 त्या दिवसापासून घरात नवसाचं नाव बंद, सगळ्यांना खरं सांगायचं ठरलं. सांगितलं की लोक पुन्हा हसायचे, पुन्हा "थोडेसे चालते" म्हणायचे. म्हणजे होतं त्याहून अवघड झालं.

पुढच्या वर्षी अलमेलूच्या मुलीचं लग्न. मी अंबुजाच्या पंक्तीतच होते. "एक कणही नाही हो, मी स्वतः बघितले," अलमेलू गोड वाढता वाढता म्हणाली. विजीने हात पुढे केला तेवढ्यात अन्नपूर्णाबाईंनी तो धरला आणि तिच्या पानातला घास स्वतःच्या तोंडात घातला. परक्याचा पदर लागला तर अंघोळ करणारी बाई, भर पंगतीत दुसऱ्याच्या पानात हात घालून चावत बसली.

"अम्मा, मुंदिरी असली तर?" अंबुजा दबल्या आवाजात म्हणाली. "देवीला शब्द दिलात ना?"

"ते मी आणि देवी बघून घेऊ. तू गप बस."

म्हातारीने सावकाश घोळवून गिळलं. मग काजू नाही अशी मान हलवली आणि पान विजीपुढे सरकवलं. विजी जेवली. पंगत उठली, पानं उचलली, विडे वाटले गेले. त्या सासू-सुना मात्र जागच्या हलल्या नाहीत. विजीला मध्ये बसवून तिच्या ओठांकडे बघत बसल्या.