काजळी लावून केलेली मोलकरीण

मी तेव्हा तेवीस वर्षांचा होतो, गिरणीच्या हापिसात कारकून होतो आणि स्वतःला मोठा नट समजत होतो. यातल्या पहिल्या दोन गोष्टी खऱ्या होत्या.

आमची नाटकमंडळी म्हणजे दहा-बारा हौशी माणसं. तालमी एका शाळेच्या चित्रकलेच्या वर्गात चालत, कारण आमचे दिग्दर्शक त्या शाळेत ड्रॉइंग मास्तर होते. नाटक तेच लिहीत, पडदे तेच रंगवीत आणि आमची तोंडंही तेच रंगवीत. बायकांनी रंगमंचावर यायचं म्हणजे आमच्याकडे अजून भलतंच समजत, त्यामुळे बायकांची कामं पुरुषच करत. माझी कंबर बारीक आणि मिशी नावापुरती, म्हणून ती कामं बहुतेक माझ्याकडे येत.

त्या वर्षी गणपतीसाठी मास्तरांनी एक फार्स लिहिला. त्यात एका वकिलाच्या घरची मोलकरीण होती. तेलुगू बोलणारी, सगळ्यांना दटावणारी, वकिलालाही न जुमानणारी. ते काम मला मिळालं आणि मी खूश झालो, कारण तेलुगूची शाळा माझ्या भिंतीपलीकडेच होती.

माझ्या खोलीला लागून एक विणकर कुटुंब राहायचं. नवरा दिवसभर मागावर, बायको बाजूला बसून कांड्यांवर सूत भरायची. मी तिला अक्का म्हणायचो. ती मला ‘तम्मुडू’ म्हणायची, म्हणजे धाकटा भाऊ. उंच, रंगानं काळी, आणि आवाज असा की गिरणीच्या भोंग्याआधी मला त्यानंच जाग यायची. तिचं मराठी ऐकायला गोड आणि नक्कल करायला सोपं होतं. इथं मी ते मुद्दाम साधंच लिहितोय. नक्कल एकदा करून झाली आहे.

“अक्का, मला तेलुगू शिकव की,” मी म्हणालो.

तिला इतका आनंद झाला की कांडी हातातच राहिली. “बस असा. मी विचारते, तू उत्तर दे. अन्नम तिन्नावा?”

“म्हणजे?”

“जेवलास का, म्हणजे. एवढं आलं की निम्मं तेलुगू आलं.”

महिनाभर मी रोज संध्याकाळी तिच्या उंबऱ्याशी बसलो. शब्द घेतलेच, पण त्याबरोबर तिचं पदर खोचणं, बोलण्याआधी जिभेनं ‘टच्च’ करणं, नवऱ्याला हाक मारताना मान वाकडी करणं, हेही सगळं उचललं. कशासाठी ते सांगितलं नाही. तिला चकित करायचं होतं. “नाटकाला नक्की ये, पुढं बस,” एवढंच म्हणालो.

प्रयोग रविवारी दुपारी होता, गिरण्यांना सुट्टी बघून. लुगडं नेसून मी मास्तरांपुढे उभा राहिलो. ते मागे सरले, डोळा बारीक केला आणि म्हणाले, “काहीतरी कमी आहे.” मग त्यांनी कंदिलाच्या काचेवरची काजळी खरवडली, खोबरेल तेलात कालवली आणि माझ्या तोंडाला, मानेला, हातांना चोपडली. ओठांना लालभडक रंग दिला. आरशात बघून मीच पहिल्यांदा हसलो.

रंगमंचावर पाऊल टाकलं आणि मांडव हशानं दणाणला. मी अजून एक शब्दही बोललो नव्हतो. तरी मला वाटलं, हा माझ्या अभिनयाचा विजय!

दुसऱ्या अंकात मी वकिलाला मान वाकडी करून, पदर खोचून, ‘टच्च’ करून विचारलं, “अन्नम तिन्नावा?” बायकांच्या बाजूला पहिल्याच रांगेत अक्का बसली होती, पोपटी रंगाचं ठेवणीतलं पातळ नेसून. तिच्या शेजारच्या बाईनं माझ्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे पाहिलं आणि पलीकडचीला कोपर मारलं. मला ते दिसलं. पण हशा चालू असताना थांबायला मन फार मोठं लागतं. मी तेच वाक्य आणखी दोनदा म्हटलं.

काजळी तीन वेळा साबण लावून निघाली. घरी गेलो तर अक्काचं दार लावलेलं. दुसऱ्या दिवशीही. नवरा बाहेर आला, म्हणाला, “बरं नाही तिला,” आणि आत गेला. नळावरच्या बायका तिला बघून आपसात ‘अन्नम तिन्नावा’ म्हणायच्या आणि तोंडाला पदर लावायच्या. मला त्यातही माझीच कीर्ती ऐकू यायची. माणूस तेवीस वर्षांचा असला की असं होतं.

असे तीन महिने गेले आणि नाताळ आला. गिरणीच्या साहेबलोकांचा एक क्लब होता. त्या वर्षी आम्हा कारकुनांना व्हरांड्यात उभं राहून त्यांची गंमत बघायची परवानगी मिळाली. सोंगं घेतलेले साहेब-मडमा एकेक करून येत होते. कोणी राजा, कोणी समुद्रावरचा लुटारू. मग एक तरणा साहेब आला. मी रोज सकाळी याच्याच टेबलावर कागद ठेवायचो. तसा चांगला माणूस, कधी ओरडायचा नाही. तोंडाला बुटाचं काळं पॉलिश, अंगात धोतर-कोट, डोक्यावर टोपी, बगलेत छत्री, कानावर पेन. दर पावलाला वाकत होता, आणि बोलण्याआधी घसा खाकरून म्हणत होता, “येस सर. येस सर. येस सर.”

बोलण्याआधी घसा मीच खाकरतो. आमच्या हापिसात दुसरं कोणी नाही.

साहेबांच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. माझ्या शेजारी उभे असलेले हेडक्लार्कही हसले, मग मीही दात दाखवले. तरणा साहेब व्हरांड्यात आला, माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, “कसं वाटलं?”

मी घसा खाकरला आणि म्हणालो, “व्हेरी गुड, सर.”

चालत घरी निघालो. वाटेत एकच गोष्ट डोक्यात घोळत होती. चाल माझी होती, खाकरणं माझं होतं, ते त्यानं बरोबर उचललं होतं. नट म्हणून दाद द्यायला हवी. मग ते पॉलिश कशाला? त्याशिवायही सगळ्यांनी मला ओळखलंच असतं. पॉलिश होतं ते, त्यानं तोंड उघडायच्या आधीच लोकांना हसायची मोकळीक मिळावी म्हणून. आणि जेवणाच्या वेळेपर्यंत तो तोंड धुऊन पुन्हा साहेब होणार होता. आपल्याकडे कोणाची अब्रू घालवायची तर तोंडाला काळं फासतात. त्यानं स्वतःच्या तोंडाला फासलं आणि अब्रू माझी गेली.

सिद्धेश्वराच्या तळ्यापाशी आलो तेव्हा कुठं मला अक्काचं पोपटी पातळ आठवलं.

दुसऱ्या दिवशी तालमीत ही हकीकत सांगितली. मंडळी पेटली. “समजतात काय आपल्याला?” मास्तर वर्तमानपत्राला पत्र लिहायला बसले.

“मास्तर,” मी म्हणालो, “मग आपण गणपतीत काय केलं?”

मास्तरांनी टाक खाली ठेवला. “ते वेगळं. तो राज्यकर्ता आहे. आपण आपल्याच माणसांची गंमत केली.”

“अक्काला विचारलं का, ती आपली आहे का म्हणून?”

“अरे, मग तू बाई झालास ते कसं चालतं? राक्षसाला आपण काळा रंग देतो, ते कसं चालतं? असं प्रत्येकाचं मनाला लावून घेतलं तर नाटक करायचं कोणी?”

तेव्हा कोपऱ्यात बसलेला आमचा भालदार बोलला. हा रंगानं सावळा, आवाजाचा पक्का, पण चार वर्षांत भालदार आणि राक्षस यांपलीकडे गेला नव्हता.

“मास्तर, राक्षस काळा, मोलकरीण काळी. एकदा मला राजा केलात, तेव्हा पांढरा सफेदा थापलात. माझ्या तोंडाचा माणूस तुमच्या नाटकात साधं घरातलं माणूस म्हणून कधी येतच नाही की.”

मास्तर रागावले, मी रागावलो, भालदार चहा प्यायला निघून गेला.

त्या संध्याकाळी मी अक्काचं दार वाजवलं. तिनं उघडलं, पण आत ये म्हणाली नाही. मी क्लबातली गोष्ट सांगितली आणि म्हणालो, “चुकलं माझं.”

“तुला त्यानं केलं, म्हणून तुला कळलं,” ती म्हणाली. “तीन महिने मी शेजारी होते, तेव्हा नाही कळलं.”

मी उंबऱ्याबाहेरच उभा राहिलो.

आतून नवरा म्हणाला, “जाऊ दे गं, नाटक होतं ते.”

“नाटकाला माझी ना नाही,” ती त्याला म्हणाली, आणि मग मला, “मी मोठ्यानं बोलते, ते कर. पदर असा खोचते, ते कर. बघून मीही हसले असते. पण ते काळं कशाला थापलंस? मी काय थापून आलेय? मी ते कुठल्या साबणानं काढू?”

संक्रांतीला सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या जत्रेत त्याच फार्सचा प्रयोग ठरला होता. मी मास्तरांना सांगून टाकलं, काजळी लावणार नाही. मास्तर म्हणाले, “मग पडशील.” मी खरंच निम्मा पडलो. आत आलो तर कोणी हसलंच नाही. मागून कोणीतरी ओरडलं, “अरं, काळी कुटं हाय? आमी काळीला बघाया आलोय!” पण वकिलाला दटावण्याचा प्रवेश आला आणि लोक हसले. या वेळी ते वकिलाला हसत होते. मला तोवर ठाऊकच नव्हतं की मास्तरांनी ती मोलकरीण सगळ्यात शहाणी लिहिली होती. काजळीखाली ते कोणाला दिसलंच नव्हतं.

परतताना मास्तर म्हणाले, “तुझं म्हणणं मला पटलेलं नाही, सांगून ठेवतो. पण तो माणूस ‘काळी कुटं हाय’ म्हणून ओरडला ना, तो माझ्या वाक्यांसाठी आला नव्हता, हे मला लागलं.” पुढं पाच-सहा वर्षं आम्ही यावर भांडलो. मास्तरांनी राक्षसाचा रंग सोडला नाही. माणसांना मात्र पुन्हा काजळी लावली नाही. भालदाराला त्यांनी पुढल्या नाटकात डॉक्टर केलं, सफेद्याशिवाय. त्यानं माझ्यापेक्षा जास्त टाळ्या घेतल्या, ते मला फारसं आवडलं नाही.

अक्काकडची मंडळी पुढल्या वैशाखात स्वतःचे दोन माग टाकून दुसऱ्या पेठेत राहायला गेली. वास्तुशांतीला मला बोलावणं आलं. मी पंगतीत बसलो. अक्का वाढत वाढत माझ्यापाशी आली, तर शेजारच्या म्हाताऱ्या पाहुण्यानं तिला विचारलं, हा कोण?

“आमच्या जुन्या शेजारचा,” ती म्हणाली. “नाटकात काम करतो.” आणि माझ्या पानात आणखी भात वाढत म्हणाली, “कधी कधी बरं करतो.”