तानुबाईंची कवळी

जळगावच्या पारसशेठच्या डाळ मिलमध्ये तुरीला तेल-पाणी दिलं, ती वाळवली, की भरडायला तयार आहे का हे तानुबाई सांगत. तीस वर्षं. दाणा दाताखाली फोडायचा, मान हलवायची, मगच चक्की सुरू. पण दोन वर्षांपूर्वी दात गेले, तारेची कवळी आली, आणि कवळीला काय कळणार कप्पाळ! शेठला समजलं तर घरी बसवतील, या धास्तीने बाई चारचौघांत चावल्याचं नाटक करत आणि खरी पारख पाण्याच्या टाकीमागे जाऊन उरकत.

शेठची मुलगी जिनल प्रयोगशाळेत चुंबकाच्या यंत्राने कडक वस्तूंच्या आतली चित्रं काढते. दवाखान्यातल्या एमआरआयचंच हे भावंड. पाण्याकडून येणाऱ्या संकेताचा सूर त्यात बराच वेळ घुमतो, वाळल्या दाण्याचा उमटताच विरतो. तो विरायच्या आत पकडायचा, हे जिनलचं कसब. चित्रं खरी की खोटी हे दाणा ओळखणाऱ्यानेच सांगावं, म्हणून तिने तानुबाईंना बोलावलं. शेठही मजा बघायला आले.

दारातच जिनल म्हणाली, "अक्का, आत धातू चालत नाही. जोडवी काढा. तोंडात काही तारबीर?"

तानुबाईंना घाम फुटला. खोटं बोलावं, तर चुंबकाने शेठसमोर कवळीच ओढली म्हणजे? त्यांनी ती काढून जिनलच्या हातावर ठेवली.

"बेटा, मना दात दोन सालपाईन खोटा शेतस. आते मनी नोकरी जाई."

शेठ चक्रावले. "मग दोन वर्षांत एक पोतं वाया गेलं नाही, ते कसं?"

"आयकीसन," तानुबाई म्हणाल्या.

जिनलने तुरीच्या तीन वाट्या पुढे केल्या. तानुबाईंनी एकेक मूठ कानाशी खुळखुळवली. "ही तयार. ही कच्ची. अनि ही वरथीन वाळेल, पन पोटमा पानी शे."

मग यंत्राने चित्रं काढली. तिसऱ्या वाटीतल्या दाण्यांच्या पोटात पाण्याचे पांढरे ठिपके लखलखत होते. जिनलने आनंदाने टाळीच वाजवली. शेठना मात्र बाईंच्या टाकीमागच्या रोजच्या फेऱ्या आठवल्या.

"अक्का, मग टाकीमागे का जायचात?"

"चक्कीना आवाजमा आयकू येत नही ना, शेठ."

आता रोज सकाळी पारसशेठ स्वतः मेन स्विच बंद करतात. "गप्प बसा रे, अक्का ऐकताहेत!" अख्खी मिल थांबते. तानुबाई भर अंगणात, बोळक्या तोंडाने हसत, मूठ कानाला लावतात.