नागपूर ते बिरसी, अर्धा तास

दादा गेल्याची तार कचेरीत आली. नागपूरहून पॅसेंजरने गोंदियाला चार तास, पुढे बिरसीपर्यंत बैलगाडी... मी पोचलो तेव्हा सगळं आटोपलं होतं. त्या चार तासांत विमान कलकत्त्याला उतरतं, हे गणित दादाचंच.

हा नाद त्याला लढाईनंतर लागला. इंग्रजांनी गावाशेजारी केलेली धावपट्टी ओस पडली, पण नागपूर-कलकत्त्याचं विमान डोक्यावरून जायचं. मी नागपूरला नोकरीला लागलो तसं त्याचं पोस्टकार्ड आलं, विमान किती वाजता सुटते ते विचारून कळव. मी कळवलं. मग हा गृहस्थ गजराचं घड्याळ गोंदिया स्टेशनच्या घड्याळाशी मिळवून आला आणि महिनाभर रोज सकाळी ते घेऊन धानाच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, बसला. "निंदण काय तुमचं विमान करन?" वहिनी म्हणायची. शेवटी घरातल्या धानाच्या कोठीवर त्याने खडूने लिहिलं, नागपूर ते बिरसी अर्धा तास.

पुढे कंपनीने मलाच विमानाने कलकत्त्याला पाठवायचं ठरवलं. दादाने लिहिलं, डाव्या खिडकीत बसजो, मी धुऱ्यावरून धोतर हलवतो.

मी शिडीपर्यंत गेलो आणि पाय उचलेना. भीती, दुसरं काही नाही. साहेबांना तब्येतीचं कारण सांगितलं आणि कलकत्त्याच्या दुपारच्या आगगाडीत बसलो. गोंदियाला गाडी थांबली तेव्हा गावचं कोणी बघेल म्हणून खिडकी पाडून, तोंडावर टॉवेल घेऊन पडून राहिलो.

परतल्यावर त्याने विचारलं, "मी दिसलो काय रे?"

"दिसलास."

"केवढा?"

मी बोटाचं पेर दाखवलं. ते पेर तो पुढे कित्येक वर्षं गावभर दाखवत हिंडला.

दोन महिन्यांपूर्वी छातीचं दुखणं बळावलं म्हणून त्याला नागपूरला नेत होतो. गाडीत शेजारच्या अनोळखी माणसालाही त्याने पेर दाखवलं. तो माणूस उतरल्यावर मला राहवेना, सगळं सांगून टाकलं. दादाने आपल्या बोटाच्या पेराकडे पाहिलं.

"भेव लागला होता तं सांगाचं नाही काय?"

"तू गावभर सांगून बसला होतास..."

"मंग मी धोतर कोणाले हलवून राहिलो होतो बे?"

 तोच हसायला लागला, हसता हसता खोकला. "असन कोणीतरी आतमंदी. त्याले बरं वाटलं असन." मग म्हणाला, "गावाले मात्र तूच सांगजो. मी नाही सांगत बा."

तेराव्याला ओसरी माणसांनी भरली होती. वरून तुमचा भाऊ कसा दिसे, कोणीतरी विचारलं. मी पाण्याचा तांब्या उचलून आत गेलो.

वर्तमानपत्राचा रविवारचा हा अंक गावात येतो आणि पारावर मोठ्याने वाचला जातो. वाचणाऱ्याला विनंती, पुढची ओळ गाळू नये. विमानात मी नव्हतो. दादा मात्र धुऱ्यावर होता.