गणपतींच्या वह्या

नोकरीत खून-दरोड्यांचे तपास केले, तरी मन पुन्हा पुन्हा जातं ते एका वह्यांच्या चोरीकडे. पन्नासचं दशक सरत आलं होतं. मालवण किनाऱ्यावरच्या एका ठाण्यात मी फौजदार होतो. श्रावणाच्या तोंडाला मसुऱ्याच्या पलीकडच्या गावातून एक तरुण बाई फिर्याद द्यायला आली. घरातली पत्र्याची पेटी चोरीला गेली होती.

"पेटीत काय होतं? दागिने?"

"वह्या, साहेब. गणपतींच्या."

मी लेखणी खाली ठेवली. माझा चेहरा कधीच काही लपवत नाही. तिने तो वाचला आणि ऑफिसची मराठी सोडून थेट मालवणीवर आली. "सायबांनू, हसू नकात. मूर्ती पाण्यात जाता. मागे ऱ्हवता ता ह्याच."

तिचे वडील मूर्तिकार. थंडीत वारले होते. आमच्याकडे मूर्ती घडवायच्या जागेला गणपतीची शाळा म्हणतात. ती शाळा आता हिने चालवायची ठरवली होती. प्रत्येक घराचा गणपती ठरलेला असतो. कुणाचा मोरावर बसलेला, कुणाचा उजव्या सोंडेचा, आणि त्यात बदल घरच्यांना खपत नाही. वडील दरसाल मूर्ती घरी जाण्याआधी तिचं चित्र वहीत काढत, शेजारी मापं आणि रंग लिहीत. त्यांची एक मूर्ती मुंबईच्या प्रदर्शनात ठेवली होती, तिथली कात्रणं, फोटो आणि लोकांचे अभिप्रायही त्याच पेटीत होते.

मूर्ती ज्याच्यावर बसवायची तो पाट लोक आधी शाळेत आणून देतात. वह्यांशिवाय हिला कुठल्या पाटावर कुठला गणपती हे कळणार नव्हतं.

"ह्या वर्षी चुकलंय तर परत कोण पाट देवचो नाय," ती म्हणाली. चतुर्थीला जेमतेम महिना होता. मी गुन्हा नोंदवला.

तिसऱ्या दिवशी टपालाने निनावी पत्र आलं: पेटी शेजारच्या गावच्या मूर्तिकाराने नेली. मी पंच घेऊन झडती घेतली. माती, साचे, रंगांचे डबे, बाकी काही नाही. तो म्हातारा शांतपणे म्हणाला, "माका तिची चित्रां कित्याक? माझे हात आसत." मला अक्षरशः मेल्याहून मेल्यासारखं झालं. ते पत्र कुणी टाकलं, हे शेवटपर्यंत कळलं नाही.

शनिवारी ठाण्याची साफसफाई होती. हवालदार परसात रद्दी जाळत होता. ढिगातून एक जुनं कॅलेंडर निघालं, त्यावर गणपतीचं चित्र. त्याने ते झटकून बाजूला ठेवलं.

"ते का ठेवलंस?"

"देव जाळूचो कसो, साहेब? पाण्यात सोडतलंय."

मी खुर्चीतून उठलोच. पेटी नेणारा गावचाच असणार, आणि गावच्या माणसाला त्या वह्या जाळवणार नाहीत, फाडवणार नाहीत. पाण्यात सोडायच्या तर तो आधी कुणाला तरी विचारणार. मी तडक सायकल काढली आणि गावच्या भटजींचं घर गाठलं.

भटजी जरा घुटमळले. मग म्हणाले, "एकाने विचारलं होतं खरं, देवाची जुनी चित्रं कशी सोडायची म्हणून. मी म्हटलं, गणपती घरी यायच्या आधी पोचवायची घाई कसली? चतुर्थी होऊ दे." विचारणारा होता त्या बाईचा सख्खा काका.

काकाला ठाण्यात आणून बाकावर बसवलं. दरडावलं नाही. निर्दोष माणूस बहुधा चिडतो. हा घाम पुसत होता. मी वह्यांचं विचारलं.

"कसल्यो वह्यो?"

"पावसाचे दिवस आहेत. वाळवी लागली तर पाप कुणाच्या माथी?"

"लागूची नाय," तो पटकन बोलून गेला. "सोवळ्यात बांधून कणगीत ठेवलंय. रोज उदबत्ती लावतंय." आणि त्याने जीभ चावली. मला हसू आवरेना.

मग तो भडाभडा बोलला. बाईमाणसाने गणपती केला तर गाव हसेल, पाट दुसरीकडे जातील, भावाचं नाव बुडेल. वह्या नसल्या की ती आपोआप नाद सोडेल, असा त्याचा हिशेब. त्याच्या घरी पंचनामा केला. भाताच्या कणगीत पेटी मिळाली, एक पान दुमडलेलं नव्हतं.

आता पेटी मुद्देमाल. निकाल लागेपर्यंत ठाण्यात सीलबंद राहायची, आणि चतुर्थी काही कोर्टासाठी थांबणार नव्हती. मी स्वतः मॅजिस्ट्रेटसाहेबांपुढे उभा राहिलो. त्यांनी दोन वह्या चाळल्या, बराच वेळ एक पान पाहत राहिले आणि पेटी फिर्यादीच्या ताब्यात द्यायचा हुकूम केला. पुढे तिने तक्रार चालवायची नाही म्हणून सांगितलं. कोर्टानेही मिटवायला परवानगी दिली.

पण पाट येईनात. चौकशीच्या निमित्ताने गेलो तेव्हा शाळेत माती मळून तयार, भिंतीकडेला मोजके चार पाट. लोक वाट बघत होते, पहिला कोण जातो याची. भर दुपारी काका आला, डोक्यावर पाट, सगळ्या वाडीदेखत.

"माझो घे गो," तो खाली बघत म्हणाला.

तिने वही उघडली, पान शोधलं. "तुमचो मोरावरचो. निळो रंग बाबांनी दोनदा दिल्यानी हा."

तो तिथेच पायरीवर बसून रडला. दिवेलागणीपर्यंत भिंतीकडेला जागा उरली नाही.

चोर काय करील याचा माग आम्ही पोलीस काढत असतो. त्याला काय करवणार नाही, हे शोधायला मी त्या दिवसापासून शिकलो, आणि माणसांबद्दल माझं मत त्यामुळे बरंच सुधारलं. त्या चतुर्थीच्या आदल्या दिवशी मी पुन्हा शाळेत गेलो होतो. मूर्ती न्यायला लोक दारात खोळंबले होते आणि ती कुणालाच हात लावू देत नव्हती. नवी कोरी वही मांडीवर घेऊन आधी चित्रं काढत होती.