नवनाथचा डाव

मोबाईलच्या कडेला अंगठा दाबून धरायचा आणि मगच बुद्धिबळाच्या सरावाच्या पटावर नजर टाकायची, ही मावशींची सवय. त्या कडेला एक काळी-पांढरी पट्टी असते; कोण जिंकतंय ते कंप्युटर तिथे दाखवतो. "त्याला काय कळतंय? आदीच हरलं म्हनतंय मेलं!" म्हणायच्या.

तिसगावात माझं मोबाईलचं दुकान, समोर त्यांचं ब्लाऊज शिवायचं. तुम्ही कधी तिथे गेला असाल तर "परवा या" हे ऐकलंच असेल. मावशींचा परवा कधी उगवत नसे.

त्यांचा एकुलता एक नवनाथ बुद्धिबळाचा वेडा. चौथ्याच चालीला एका प्याद्यासाठी घोडा देऊन टाकायचा आणि वर हसायचा. पाथर्डीच्या रस्त्यावर टेम्पोनं त्याला उडवलं, तेव्हा असाच घोडा देऊन झालेला त्याचा एक ऑनलाइन डाव अर्धाच राहिला होता. समोर कुणी अनोळखी माणूस, एका चालीला आठवड्याची मुदत. सुतकातच मावशी त्याचा फोन घेऊन माझ्याकडे आल्या. पडद्यावर आलं होतं: नवनाथ, तुमची चाल.

"चाल न्हाई केली तर?"

"मुदत संपली की डाव गेला, मावशी."

"मग शिकीव मला."

मी मोहरे कसे चालतात तेवढं दाखवलं. बाकीचं त्या मोबाईलवरच शिकल्या. धडे, सराव, हिंदी व्हिडिओ. व्हिडिओतला मास्तर म्हणाला, ही सुरुवात चुकीची आहे, खेळू नका. मावशींनी त्यालाच झापलं, "तुला कुनी इचारलं रं? कापड कापून झालंय. आता त्याच्यात कसं बसवायचं ते सांग."

चालू डाव कंप्युटरला दाखवून बघू, असं मी एकदा सुचवलं. लई रागावल्या. "नवनाथ चोरून खेळत हुता व्हय?"

चाल सुचली तरी शेवटच्या दिवसापर्यंत करायच्या नाहीत. मला कारण कळत होतं. डाव चालू होता तोवर तो फोन पोराला नावानं हाक मारत होता. गावात दुसरं कुणी आता मारत नव्हतं.

आणि एकदा खरंच समोरच्याचा वजीर सापडला. मावशींनी हात जोडून तो मारला. दुपारी घाबऱ्याघुबऱ्या आल्या. फोन पुढे केला. समोरच्यानं हार मानली होती.

"मावशी, जिंकलात की! घोडा देऊन जिंकलात!"

"त्याचा राजा जित्ता हाय की अजून. मग डाव कसा संपला?"

"हरणार असं दिसलं की सोडून देतात."

"असं मधीच उठून जात्यात व्हय रं?"

काहीतरी म्हणायचं म्हणून म्हणालो, "नवा डाव लावून देऊ?"

"त्यो माझा हुईल, बाबा. ह्यो त्याचा हुता."

आणि माझ्या दुकानाच्या पायरीवर बसून, पोराच्या मातीलाही रडल्या नव्हत्या इतक्या त्या रडल्या.