बांधावर उभं राहून

"तुझ्या आज्ज्याची मेंढरं आमच्या रानात बसायची. आता नात आमच्या फ्लॅटात बसलीय."

शेठ म्हणाले आणि हॉलमधले सगळे हसले. त्यांचा मुलगा, सून, बायको म्हणजे काकू. अण्णाही हसले. अण्णा म्हणजे माझे वडील. सोफ्याच्या अगदी कडेला टेकले होते ते, कुणी ऊठ म्हणायच्या आधीच उठता येईल असे.

मी हसले नाही. पण काही बोललेही नाही. माझ्या मांडीवर एक फॉर्म होता, प्लॅस्टिकच्या फोल्डरमध्ये. त्यावर शेठची सही हवी होती. एक सही. त्यासाठी मी सुट्टी लागल्या लागल्या बँकॉकहून सोलापूरला आले होते.

एप्रिलची दुपार. बाहेर होटगी रोडचं डांबर चपलेला चिकटत होतं. चपला आम्ही पोर्चमध्ये काढल्या होत्या. शेठच्या मुलाच्या पायात सँडल होते. आमचे चार पाय तेवढे उघडे, गार फरशीवर.

अण्णांनी पिशवीतून घोंगडी काढली. नवी, काळी, पांढऱ्या काठाची. चुलत्याच्या मेंढरांची लोकर, गावातल्या सणगरानं विणलेली, चिंचोक्याची खळ देऊन कडक केलेली. आम्ही धनगर. आमच्यात मानाच्या माणसाला घोंगडी देतात. अण्णांनी ती दोन्ही हातांवर धरली आणि शेठपुढं वाकले.

शेठनी हात लावला नाही. काकूंनी पदर नाकाशी नेला. आम्हाला वाईट वाटू नये अशा बेतानं, हळूच.

"अगंबाई, कशाला आणलीत एवढी? वास असतो हो ह्याला. पोर्चमध्ये ठेवा. ड्रायव्हरला होईल दुपारचं पडायला."

"व्हय, व्हय, वैनीसाहेब," अण्णा म्हणाले. उठले. ठेवून आले. परत कडेला टेकले.

हे शेठ माझे घरमालक. राहतात सोलापुरात, पण बँकॉकमध्ये त्यांनी एक फ्लॅट घेऊन ठेवलाय, सोळाव्या मजल्यावर. मी तिथं लहान मुलांच्या शाळेत इंग्रजी शिकवते आणि त्या फ्लॅटात भाड्यानं राहते.

बँकॉकला गेले तेव्हा पहिले तीन आठवडे मी खोल्या बघत फिरत होते. एजंटबाई फोनवर गोड बोलायची. मी समोर उभी राहिले की तिचा आवाज उतरायचा. एका मालकिणीनं दार अर्धंच उघडलं. "इंडियन?" मी मान हलवली. तिनं कढईत पळी फिरवल्यासारखा हात केला, मग तोच हात नाकापुढं हलवला. "स्मेल. सॉरी ना." दार लागलं. मी बंद दाराला "थँक्यू" म्हणाले. लिफ्टमध्ये गेल्यावर कळलं, आपण काय म्हणालो ते.

अण्णांना फोनवर सांगितलं. अण्णा सोलापुरात ज्या शाळेत शिपाई आहेत, तिच्या संस्थेवर शेठ विश्वस्त आहेत. त्याच शाळेत मी अर्ध्या फीमध्ये शिकले, इंग्रजी माध्यमात. घंटा झाली की वर्गातली मुलं माझ्याकडं वळून म्हणायची, "ए, तुझ्या पप्पांनी दिली बघ." मी खाली बघायचे. तोंड उघडलं नाही तर कमी लागतं, हे मी तिथं शिकले. इंग्रजी नंतर शिकले.

अण्णांनी शेठना विचारलं. शेठ लगेच हो म्हणाले. "आपलीच पोर आहे. करारबिरार कशाला?" भाडं मात्र त्या इमारतीत इतर देतात तेवढंच. मला तेव्हा फार बरं वाटलं. परक्या शहरात कुणीतरी आपलं म्हटलं.

तिथंच चुकले.

दिवाळीत शेठचं कुटुंब आलं. पाच दिवस. ज्या खोलीचं भाडं मी देत होते त्या खोलीत मुलगा आणि सून. मी स्वयंपाकघरामागच्या बाल्कनीत, वॉशिंग मशीनच्या शेजारी. त्यांनी सोलापूरहून ज्वारीचं पीठ आणलं होतं. सगळ्यांच्या भाकरी मी थापल्या. शाळेतून आले की भांडी. शेजारच्या गुजराती बाईंना काकू म्हणाल्या, "गावाकडची मुलगी ठेवलीय आम्ही." मी दोन हात अंतरावर होते. निघताना सुनेनं तिचा एक वापरलेला ड्रेस दिला. मी थँक्यू म्हणाले. पुन्हा.

आता फॉर्मचं. तिथला नियम असा आहे, की परदेशी माणूस कुणाच्या घरात राहत असेल, तर घरमालकानं ते इमिग्रेशनला कळवायचं. कळवलं की एक पावती मिळते. ही बाई अमुक ठिकाणी राहते, एवढंच त्यावर असतं. पण ती पावती नसेल तर व्हिसा वाढत नाही. व्हिसा नाही तर नोकरी नाही. शेठ दहा महिने "करू की" म्हणत राहिले. आता माझे सव्वीस दिवस उरले होते.

त्या दुपारी शेठनी फॉर्म हातात घेतला. चष्मा लावला. वाचला. खाली ठेवला.

"सही काय, करतो की. पळून चाललोय का मी? पण मला सांग, तू भाडेकरू हे मी तिकडच्या सरकारला कशाला कळवू? उद्या भाड्यावरच्या टॅक्ससाठी माझ्या मागं लागतील. तू असं कर. एका कागदावर लिहून दे. मी भाडं देत नाही, शेठनी मला घर सांभाळायला, घरकामाला ठेवलंय. तो कागद माझ्याकडं ऱ्हाऊ दे. मग ह्याच्यावरही तसंच लिहू आणि सही करू."

"पण मी भाडं देते," मी म्हणाले. आवाज फार बारीक आला.

"देतेस की. कोण नाही म्हणतंय? कागदावर गं फक्त."

"मे महिन्यात आम्ही येतोच आहोत," काकू म्हणाल्या. "भाकरी विसरली नाहीस ना, मॅडम?"

परत हसणं झालं. सुनेनं वही आणली, पेन आणलं. अण्णा माझ्याकडं वळले. "लिही, बाळा. काय फरक पडतोय."

मी पेन हातात घेतलं. मग म्हणाले, "एक मिनिट, फोन येतोय." फोन येत नव्हता. मला फक्त त्या खोलीतून बाहेर जायचं होतं.

पोर्चमध्ये ड्रायव्हर पाइपनं पाणी मारत होता. घोंगडी चपलांच्या रॅकवर पडली होती. एक टोक खाली लोंबत होतं, भिजलेलं. मला बघून त्यानं पाइप बाजूला धरला.

"ताई, चांगली घोंगडी हाय की ही. हितं का ठिवलीसा? घरला न्या."

मी ती उचलली. ओल्या लोकरीचा वास आला. हाच तो वास. मी हॉस्टेलमध्ये, स्टाफरूममध्ये, विमानात, सगळीकडं अंगावरून काढून टाकत आले तो. बँकॉकच्या त्या मालकिणीनं नाकापुढं हात हलवला तेव्हाही मला तिचा राग नाही आला. मी माझीच बाही हुंगली होती.

त्या वासाबरोबर आज्जा आला.

मी सात वर्षांची असेन. मे महिन्याची सुट्टी. आज्जाचा कळप तेव्हा रानोरान फिरायचा. मेंढरं मुक्कामाला बसली की रानाला खत होतं, म्हणून शेतकरी बोलावून न्यायचे. त्या वर्षी मंगळवेढ्याकडच्या एका रानाच्या बांधावर आम्ही उभे होतो. मागं मेंढरं थटली होती, आज्जा एकालाही आत जाऊ देत नव्हता. समोर एक पांढरी जीप. जीपमधून उतरलेला माणूस काळ्या गॉगलमधला. हेच शेठ. तेव्हा केस काळे होते.

"किती राती?" आज्जानं विचारलं.

"आठ ऱ्हावा."

"जवारी?"

"दोन पोती देतो."

"पानी हिरीचं. आमच्या बाया हिरीवरच भरनार. आदी सांगतो."

"भरा की, आज्जा. तुमचीच हीर."

एवढं सगळं बोलून झालं. दोन्हीकडच्या माणसांनी ऐकलं. मग आज्जानं काठी बाजूला केली आणि मेंढरं आत सोडली.

तिसऱ्या दिवशी आजी पाण्याला गेली. शेठच्या माणसानं तिला विहिरीच्या दोराला हात लावू दिला नाही. जनावरांच्या हौदातलं भर म्हणाला. आजी रिकामी घागर घेऊन आली, घागर आज्जापुढं ठेवली. त्यानं हाक घातली. भर दुपारी कळप उठला. निम्मं रान तसंच राहिलं, ज्वारी तशीच राहिली. मैलभर गेल्यावर मागून जीप आली, हॉर्न वाजवत. शेठ धुरळ्यात उतरले. हात जोडले त्यांनी. मी पाहिलं.

"मालक," आज्जा म्हणाला, "बांधावर बोललं त्ये तुमी मोडलं." आणि चालायला लागला.

वीस वर्षं ही गोष्ट माझ्यात कुठं पडून होती कोण जाणे. शाळेनं शिकवली नाही, मीही कुणाला सांगितली नाही. धनगराची नात आहे हे सांगावं लागलं असतं.

मी घोंगडी खांद्यावर टाकली. ओली होती, जड होती. तशीच हॉलमध्ये गेले. फरशीवर थेंब पडत होते.

"अगं, अगं, गालिचा!" काकू म्हणाल्या.

"शेठ," मी म्हणाले, "माझा आज्जा तुमच्या रानात आपणहून बसायला आला नव्हता. तुम्ही बोलवायला आला होता. जीप घेऊन. मी होते तिथं."

कुणी हसलं नाही.

"तो उठून गेला तेव्हा तुम्ही मागं आला होता. हात जोडत. तेही मी बघितलंय. मी भाडं देते, शेठ. कामाला नाही तुमच्या. खरं लिहून सही करणार असाल तर करा."

शेठ माझ्याशी बोललेच नाहीत. अण्णांकडं बघून म्हणाले, "इंग्लिश शाळेत घातलीस ना? हे बघ." मग फॉर्म टेबलावरून दोन बोटांनी माझ्याकडं सरकवला. "फ्लॅट रिकामा कर म्हणावं हिला."

"करते," मी म्हणाले.

मी फॉर्म उचलून फोल्डरमध्ये घातला. हे लिहायला हवं. धीटपणा वगैरे काही नव्हता. मी दारापर्यंत चालत गेले, एवढंच.

अण्णांनी स्कूटर काढली. सात रस्त्याच्या सिग्नलला थांबलो तेव्हा पुढंच बघत म्हणाले, "माझी दोन वर्सं ऱ्हायलीत नोकरीची." सिग्नल सुटल्यावर, "आन तू? तितं कुटं ऱ्हानार?"

"माहीत नाही, अण्णा."

"आज्ज्याला दुसरी रानं हुती, बाई. तुला कुटं हायती?"

ते खरं होतं.

निघायला चार दिवस होते. निघायच्या दिवशी मी बॅग भरत होते, तेव्हा अण्णांनी गच्चीवर वाळवलेली घोंगडी आणून बॅगेवर ठेवली. "वल्ली ठिवू नगंस. तिकडं दमट हाय म्हनं." बाकी काही नाही. शाबास नाही, चुकलीस नाही.

बँकॉकला परतल्यावर दोन दिवसांत मी फ्लॅट सोडला. किल्ली खाली ऑफिसात दिली आणि दिल्याचं लिहून घेतलं. एका सहशिक्षिकेच्या खोलीत जमिनीवर झोपते. शाळा सुटली की खोल्या बघते. आत्तापर्यंत चार दारं झाली. पहिलीनं इंडियन नको म्हटलं. दुसऱ्यानं खोली दिली असती, पण इमिग्रेशनचं नाव काढताच फोन उचलणं बंद केलं. तिसऱ्यानं भाऊ म्हणून मदत करतो म्हटलं, करार कशाला म्हटलं. मराठीत म्हटलं. मी तिथूनच परत फिरले. चौथी खोली भरली होती, निदान तसं सांगितलं.

कुणालाही थँक्यू म्हणाले नाही.

आज पाचवं दार. जुनी इमारत, लिफ्ट नाही, खाली कपडे धुवायचं दुकान. मालकीण माझ्यापुढं जिना चढतेय, हातात किल्ल्यांचा जुडगा. व्हिसाला नऊ दिवस आहेत.

ती विचारेल, इंडियन? मी नुसती मान हलवणार नाही. तोंडानं सांगेन, हो. स्वयंपाक करते. पिठलं करते, फोडणीचा वास येतो. माझ्याकडं एक घोंगडी आहे, तिलाही वास आहे. करार लागेल. माझं नाव इमिग्रेशनला कळवायला लागेल, खरं, भाडेकरू म्हणून. नाही म्हणाली तर सहावं दार. आणि नऊ दिवसांत एकही दार मिळालं नाही तर मी सोलापूरला परत जाईन. नोकरी जाईल. जाऊ दे. पण मी कुणाच्या घरी कामाला ठेवलेली होते असा माझ्या सहीचा कागद जगात कुठंही राहणार नाही.

किल्ली फिरली. दार उघडलं. मालकीण आत गेली, चपला काढल्या आणि हातानं मला ये म्हणाली.

मी उंबऱ्याबाहेर उभी आहे. चपला पायात आहेत.

आधी बोलणं होईल. मग आत.